गुडघाभर पाणी

निपाणीहून सकाळच्या बसनं माझी विद्यार्थिनी बेळगावला आली, पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा घेऊन. विषय तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा १९७२चा युक्तिवाद. उथळ तळ्यात मूल बुडतंय. उतरलं तर कपडे चिखलानं भरतील, एवढंच. तितक्याच मोलाचं काही न गमावता मोठं संकट टाळता येत असेल, तर ते टाळणं कर्तव्य.

समासात पेन्सिलीनं एक ओळ होती: 'तळ्यात उतरायची मुभा कुणाला?'

"हे मजकुरात का नाही?"

"सर, आमच्या गल्लीतली गोष्ट आहे म्हणतील. तत्त्वज्ञान नाही म्हणतील."

भीती खरी होती. आपल्या समाजशास्त्रांत सिद्धांत ब्राह्मणांकडे आणि अनुभव शूद्रांकडे अशी वाटणी झालीय, हे राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली मांडलंय. मीही हे उदाहरण शिकवताना पाण्याची खोलीच सांगत आलो होतो.

दिवस त्या ओळीवरच गेला. उदाहरण दोनदा लिहिलं. मूल, पाणी, कपडे तेच. बदलली फक्त उतरणाऱ्याची जात. महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावानं खुलं झालं होतं, तरी १९२७ साली तिथलं पाणी प्यायलेल्या दलितांना मार खावा लागला. म्हणजे दुसऱ्या उदाहरणातल्या माणसाला उतरण्याची किंमत कपड्यांवर भागत नाही. ती किंमत कुणी ठरवली, हे सिंगर यांचं उदाहरण विचारतच नाही.

तिचा पहिला निष्कर्ष होता, 'म्हणून दुसऱ्यावर कर्तव्य नाही.' तो टिकेना. त्यानं काठावर उभे असलेले, किंमत वाढवणारे, सगळेच सुटतात. दुपारी तिनं फिरवून लिहिलं: उतरणाऱ्याचं ओझं ज्यांनी वाढवलं, त्यांचं कर्तव्य मूल पाण्यात पडण्याआधीच सुरू होतं. हे पटायला वाचणाऱ्यानं तिच्या जातीचं असायची गरज नाही. पण ही फट तिला दिसली ती तिथं वाढल्यामुळे, याबद्दल मला शंका नाही.

मग सर्वनामं तपासली. पाहिलेलं सांगताना 'मी', युक्तिवाद करताना 'आपण'. दोन ठिकाणी 'आम्ही' आलं होतं, ते काढलं. त्या एका शब्दानं अख्ख्या जातीची साक्ष तिच्या खांद्यावर येते आणि परीक्षक विचारतो, किती जणांना विचारलंत?

शेवटी एकच वाद उरला: महाड मजकुरात की तळटीपेत? तिनं मजकुरात ठेवलं.