घरामागची पागा: कुंपण उभं राहिलं, चिखल हटला, लीद अजून बाकी

मागच्या नोंदीत घरामागच्या चार एकरांवरच्या पागेचा आणि कुरणाचा नुसता आराखडा होता. आता कुंपण पुरं झालंय, दोन्ही ठाणं वापरात आलीत आणि घोडी व तिचा खच्ची सोबती नव्या जागेत रुळलेत. घराला मात्र अजून रंगही लागलेला नाही. घोडेवाल्या घरात हे असंच चालायचं.

सगळ्यात जास्त घाम गाळला तो ज्या तुकड्यात गवताची काडीही नाही, त्याच्यासाठी. आम्ही त्याला 'बिनगवती कप्पा' म्हणतो. पाहुण्यांना ती जमीन वाया घालवल्यासारखी वाटते, पण उरलेली हिरवळ टिकते ती त्याच्याच जिवावर. घोड्याला वरखाली दोन्हीकडे पुढचे दात, त्यामुळे तो गवत पार मुळाशी खुडतो. त्यात पावसाने जमीन भिजली असताना अर्ध्या टनाचं जनावर फिरलं की खुरांखाली मुळंही चिरडतात. म्हणून ओल असेपर्यंत दोघं या कप्प्यात, पुढ्यात वाळलं गवत. बाकी कुरणाचे चार कप्पे पाडलेत. गवत 3 इंचांवर आलं की फाटक बंद, पुन्हा 6 ते 8 इंच वाढलं की उघडायचं. दिवस मोजायच्या भानगडीत पडू नका, गवताची उंची बघा.

या कप्प्याची वरची मऊ माती खरवडून काढली, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं), मग जाड खडी आणि शेवटी बारीक कच. कापड वगळायचा मोह होतो, पण खडी चिखलात रुतत जाते ती त्याच्याविनाच. फाटकापाशी थर मुद्दाम जाड ठेवला, कारण वैरणीची वेळ झाली की दोघं तिथेच येऊन टापा आपटतात. आणि पागेच्या छपराला पन्हळ लावून पाणी उताराकडे वळवलं. चिखलाची निम्मी लढाई छपरावरच जिंकली जाते, असं माझं ठाम मत झालंय.

कुंपण साडेचार फुटांचं, लाकडी आडव्या पट्ट्यांचं, वर विजेची रुंद फीत. काटेरी तार स्वस्त पडते, पण घोडा बिचकला की आधी पळतो, मग बघतो. तारेत पाय अडकला की मागे न हटता हिसडा देतो आणि कातडी सोलून निघते. कोपरे गोलाकार घेतले आणि फाटकं कोपऱ्यांपासून लांब ठेवली. आमची घोडी वरचढ आहे; कान मागे पाडून तिने सोबत्याला कोपऱ्यात कोंडलं तर त्याला निसटायला वाट हवी.

याच बाईंनी कडी उघडायची कला साधली आहे. वरच्या ओठाने कडीचं टोक चाचपते, उचलते, मग छातीने दार ढकलते. आता प्रत्येक कडीला स्प्रिंगचा हूक आहे आणि चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या धान्याच्या, खोलीला वेगळं कुलूप. हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. घोड्याला ओकता येत नाही. धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरपेट खाल्लं तर पोटशूळ उठतो, खुरांना दाह होतो, आणि त्यातून घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो.

ठाणं 12 बाय 12 फूट, मधल्या भिंतीचा वरचा भाग जाळीचा, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात. आढ्याला फट ठेवलीय. मुतातून सुटणारा अमोनिया जमिनीलगत सगळ्यात उग्र असतो आणि खाली टाकलेली वैरण खाताना घोड्याचं नाक तिथेच असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही ठाणांची तोंडं दिसतात, ही आमच्या आईची सूचना. घोडा पाय खरडतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, ही पोटशूळाची लक्षणं घरातलं कुणीही ओळखू शकतं.

वाळल्या गवताची शेड पागेपासून लांब बांधली. नीट न वाळलेल्या गवताचे गठ्ठे आतून तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. नवा माल आला की गठ्ठ्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून हात लावायचा. चटका बसला तर ढीग मोडायचा, पण शेडमध्ये धग किंवा धूर जाणवला तर हात न लावता आधी अग्निशमनवाल्यांना बोलवायचं.

राहता राहिली लीद. एका घोड्याची रोज 20 ते 25 किलो, म्हणजे दोघांची आठवड्याला 300 किलोच्या आसपास. विहिरीपासून लांब, कुरणाच्या खालच्या अंगाला तीन हौद आखलेत: एक भरता, एक कुजता, एक वापरता. ढीग ओलसर ठेवून वरखाली केला की आतलं तापमान 55 अंशांच्या वर जातं आणि जंतांची अंडी मरतात. कच्ची लीद चरायच्या कुरणात पसरणारे अजून भेटतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

हौदांच्या भिंती झाल्या की पाण्याची लाईन घेणार. आपोआप भरणारी भांडी सोयीची खरी, पण मी साध्या टपावरच राहणार आहे. घोडा दिवसाला 25 ते 45 लिटर पाणी पितो, आणि टप सकाळी भरलेलाच दिसला तर काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. ज्यांनी अशा भांड्यांना पाणी मोजणारे मीटर बसवलेत त्यांनी त्यांचा अनुभव जरूर सांगा.