मावशीची पावडर

सकाळी साडेसातला मावशीचा फोन. "रिपोर्ट आला गं, सगळं नॉर्मल!" घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं पॅकेज होतं. थायरॉइड, साखर आणि शेवटी 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए १५-३, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रोटीन. काखेजवळची गाठ तीन महिने हाताला लागतेय, हे मात्र बाईसाहेबांनी आज सांगितलं. तेही फोडणी देता देता.

दुपारी तिला ओढत दादरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला सारून आधी हातानेच तपासलं. मग म्हणाल्या, "हा सीए १५-३चा आकडा उपचार चालू असलेल्यांवर लक्ष ठेवायला. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा नॉर्मलच येतो. लिव्हरच्या दुखण्यातही वाढतो." बीआरसीए या जनुकांची टेस्टही रक्तातूनच होते, पण ती आनुवंशिक धोका सांगते, आज गाठ कसली आहे ते नाही. त्यासाठी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी, गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.

हाताने तपासणं म्हणजे जुनाट, असं मलाही वाटायचं. पण टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख बायकांवर २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका हातानेच तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. आणि आम्ही पैसे मोजले बाटलीभर रक्ताला!

सोमवारी मॅमोग्राफी. काखेत पावडर लावून यायचं नाही, फिल्मवर तिचे कण कॅल्शियमसारखे दिसू शकतात. मावशीला सगळ्यात जास्त धक्का याचाच बसलाय. "लोकलमधून बिनपावडरीची जाऊ?"