तुम्ही विचारलंत म्हणून: भर लिलावात मुलगा खरं बोलला तेव्हा

गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल! बचत गटाच्या बैठकीत, गिरणीवर दळणाच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुणीने. "तुमच्या पोराने भर लिलावात तुम्हाला खोटं पाडलं म्हणे, आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं. राग कसा नाही आला?" दरवेळी काहीतरी घाईघाईत सांगितलं आणि घरी आल्यावर वाटत राहिलं की नीट सांगितलं नाही. म्हणून आज बसून लिहिते.

आधी झालं काय ते सांगते. आमचं गाव निफाड तालुक्यात. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा आम्ही चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरतो आणि भाव बघत बघत ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा काढतो. चाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळावा म्हणून. ढीग चार-पाच फुटांच्या वर नेऊ नये. नेला तर वरच्या वजनाने तळाचा कांदा दबतो, त्याला ऊब धरते आणि तो पाणी सोडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण गेल्या वर्षी माल जास्त निघाला आणि आम्ही चाळ दाबून भरली. तळ गाठला तेव्हा काही कांद्यांना कोंब आलेले, काहींवर काजळी धरलेली. काजळी म्हणजे ती काळी बुरशी. नखांत शिरली की दोन दिवस जात नाही.

दिवाळीत बाजार समितीचे लिलाव बरेच दिवस बंद राहतात. त्याआधी शेवटची ट्रॉली घालवायची होती. हे त्या दिवसांत आजारी होते, त्यामुळे निवड, भरणी, बाजार, सगळं माझ्याच अंगावर. मुलगा सहावीत, सहामाही परीक्षा होऊन सुट्टी लागलेली. तो आणि दोन बाया माझ्याबरोबर संध्याकाळपर्यंत निवडायला होत्या. तळाच्या दहा-बारा पाट्या राहिल्या आणि अंधार पडला. मी म्हटलं, "राहू द्या, सकाळी उजेडात बघून घेऊ."

सकाळी सहाला दीर ट्रॅक्टर घेऊन दारात. रांगेत नंबर मागे लागला तर दिवस जातो. मी त्या पाट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "टाका तशाच मागच्या फळीजवळ. वरून चांगला येईल." मुलगा तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही, पाटी उचलून देत राहिला.

ज्यांनी कांद्याचा लिलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे एका ट्रॉलीला मिनिट-दीड मिनिट मिळतं. समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत असतो. कुणी कांदा दाबून बघतो, कुणी कोपरापर्यंत हात खुपसून आतला बाहेर काढतो. तोवर बोली चढत असते. आमची बोली सोळाशेवर, म्हणजे क्विंटलला 1600 रुपयांवर, येऊन थांबली. घेणाऱ्याने चिठ्ठी लिहायच्या आधी सहज विचारलं, "ताई, खाली असाच माल आहे ना?"

मी म्हटलं, "हो, सगळा एकसारखा."

मुलगा ट्रॉलीच्या फळीवर पाय टेकवून उभा होता. तो म्हणाला, "शेठ, वरचा आणि मधला सारखा आहे. मागच्या फळीजवळ चाळीच्या तळाचा आहे, त्यात काजळीचा कांदा आहे. आम्ही निवडत होतो, पण अंधार पडला. आई म्हणाली होती सकाळी उजेडात बघू, तेवढ्यात ट्रॅक्टर आला. तुम्ही तिथे हात घालून बघा, मग भाव करा."

आवाज चढलेला नव्हता. दुकानात पेन्सिल मागावी तितक्या साध्या आवाजात बोलला.

आता तुमचा प्रश्न. राग आला का? आला. पुढच्या ट्रॉलीची पहिली बोली कानावर येईपर्यंत आला. मी त्याचं मनगट धरलेलं होतं ते इतकं आवळलं की माझ्याच बांगडीचा वळ मला उठला. आजूबाजूची माणसं बघत होती. दीर खाली मान घालून उभे. व्यापाऱ्याने मागे जाऊन हात घातला, दोन काळे कांदे काढले, हुंगले, आणि 1450 ला चिठ्ठी लिहिली. काट्यावर 24 क्विंटल भरले. दीडशेच्या हिशेबाने 3600 रुपये गेले.

लोकांना इथे गोष्ट वळलेली हवी असते. व्यापारी खूश झाला, त्याने जास्त भाव दिला, पोराला बक्षीस दिलं, असं काहीतरी. तसं काही झालं नाही. पुढच्या महिन्यात उन्हाळ कांद्याची रोपं टाकायची होती आणि बियाण्याच्या पैशांतून ते 3600 कमी झाले. हा तोटा होता आणि तो आम्ही सोसला.

पण काट्याकडे जाताना ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसले होते, मुलगा पलीकडच्या पत्र्यावर, आणि त्याचं बोलणं माझ्या डोक्यात पुन्हा सुरू झालं. शब्दन् शब्द. तेव्हा लक्षात आलं की त्याने काळा कांदा आहे हे सांगितलं, तो कुठे आहे हे सांगितलं, आणि का राहिला तेही सांगितलं. "आई म्हणाली होती सकाळी उजेडात बघू" हेही खरंच होतं की! मी तसं म्हणाले होते. एवढ्या माणसांत त्याने मला उघडं पाडलं नाही, माझ्या पायाखाली उभं राहण्यापुरती जागा ठेवली, आणि त्यासाठी एकही खोटा शब्द वापरला नाही. मला चाळीस वर्षं जगून हे जमलेलं नाही. मी खरं बोलते तेव्हा कुणाला तरी टोचून बोलते, आणि सांभाळून बोलते तेव्हा खोटं बोलते.

तिथे मला हसू आलं. हसू कसलं, पोटातून काहीतरी वर आलं. बाळंतपणात दाईने पहिल्यांदा त्याला माझ्या छातीवर ठेवलं होतं तेव्हा जे वाटलं होतं त्याच जातीचं. बघणाऱ्यांनी पाहिलं ते हे.

आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली. तो मला घाबरला नाही. रात्री घरी गेल्यावर काय होईल हा विचार त्याच्या मनात आला असेल-नसेल, पण त्या विचाराने त्याचं तोंड बंद झालं नाही. अकरा वर्षं हे लेकरू माझ्या हाताखाली वाढलं आणि माझी भीती त्याच्या जिभेपर्यंत पोचलेली नाही. माझा खरा आनंद हा आहे.

तो मला इतका का वाटला, त्यासाठी माझं लहानपण सांगावं लागेल. आमचे वडील प्रेमळ होते, पण हात जड होता. मी नऊ वर्षांची असताना रेशनच्या रॉकेलसाठी त्यांनी दहाची नोट दिली. वाटेत ती कुठे पडली ते मला आजही माहीत नाही. बांध शोधला, रस्ता शोधला, बोरीखाली बसून रडले. मग घरी जाऊन सांगितलं की दुकानदाराने पैसे घेतले आणि रॉकेल संपलं म्हणाला. वडील तसेच उठले. दुकानाच्या ओट्यासमोर उभं राहून चार माणसांत त्याला नाही नाही ते बोलले. दुकानदार माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही, नुसता बघत होता. मी वडिलांच्या धोतराआड उभी. वडील गेले त्याला आता बारा वर्षं झाली. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही.

आपण पोरांना शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतो. लहानग्या टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून ते टरफलं उचलणार नाहीत म्हणाले. गोष्ट बाणेदार आहे, मुलांना आवडते. पण त्या गोष्टीतल्या मुलाची बाजू स्वच्छ आहे. घरात तसं नसतं. घरात शेंगा आपल्याच माणसाने खाल्लेल्या असतात, कधी आपण स्वतः खाल्लेल्या असतात, आणि विचारणारा बाहेरचा असतो. तिथे लेकराची परीक्षा असते, आणि त्याहून जास्त आईबापाची.

आमच्या गावच्या सप्ताहात एका कीर्तनकार महाराजांनी सत्यकाम जाबालाचं आख्यान लावलं होतं. छांदोग्य उपनिषदातली ही कथा. मुलाला गुरूकडे शिकायला जायचं असतं. तो आईला विचारतो, माझं गोत्र काय? जबाला सांगते, बाळा, मी तरुणपणी घरोघरी कामं करत फिरत होते, त्यात तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल एवढंच सांग. आणि मुलगा गौतम ऋषींसमोर उभा राहून आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो. ऋषी म्हणतात, समिधा घेऊन ये, तू सत्यापासून ढळला नाहीस. मग त्याला 400 रोडक्या गायी देऊन रानात पाठवतात, वगैरे पुढची कथा.

महाराजांनी सत्यकामाचं कौतुक केलं. मला मात्र सारखी जबाला दिसत होती. उपनिषदात ती पुन्हा येत नाही. आश्रमात काय झालं हे तिच्या कानावर कधी गेलं, तेव्हा तिला काय वाटलं, यावर एक अक्षर नाही. पण मुलाला असं बोलता आलं कारण आधी ती त्याच्याशी तसं बोलली होती. एखादं बरंसं गोत्र सांगून मोकळी झाली असती तर कुणाला कळणार होतं? मी त्या सकाळी पाट्या मागच्या फळीजवळ टाकायला लावल्या, म्हणजे मी जबाला नव्हे. तरी माझ्या पोटी हे असं बोलणारं लेकरू आलं.

त्याच कीर्तनात तुकोबांचा अभंग होता. "आपुलिया हिता जो असे जागता, धन्य मातापिता तयाचिया. कुळी कन्यापुत्र होती जी सात्विक, तयाचा हरिख वाटे देवा." तेव्हा मी टाळ्या वाजवत म्हटला होता, सगळे म्हणतात तसा. हरिख म्हणजे हर्ष, एवढंच ठाऊक होतं. ट्रॅक्टरच्या त्या पत्र्यावर तो शब्द माझ्या तोंडात आला. आनंद म्हणावं तर थोडं कमी पडतं, अभिमान म्हणावं तर त्यात आपलं नाक वर होतं, आणि माझं तर खाली होतं. हरिखच.

संध्याकाळी चाळीत उरलासुरला कचरा काढायला गेलो. तो खराट्याने सालपटं ओढत होता. मधेच थांबून म्हणाला, "आई, तुला राग आला होता ना? माझा हात दुखत होता."

नाही रे, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "आला होता. आणि मी खोटं बोलले होते."

तो म्हणाला, "मला माहीत आहे." आणि पुन्हा झाडू लागला.

मग मी त्याला रॉकेलची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती, त्याच्या वडिलांनाही नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला वाटलं तसं, आजोबा तुला मारायचे का, हे विचारलं नाही. विचारलं ते वेगळंच. "मग त्या दुकानदारांना नंतर कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"आहेत का ते अजून?"

होते. वय झालेलं, दुकान कधीच बंद झालेलं, पण माहेरी गेलं की ओट्यावर बसलेले दिसायचे. मी दरवेळी दुसऱ्या गल्लीने जायचे.

भाऊबीजेला माहेरी गेलो. ओवाळणी झाली, जेवणं झाली, आणि दुपारी आम्ही दोघं निघालो. गल्लीच्या तोंडाशी माझे पाय जड झाले. त्यांना नीट दिसत नाही, आधी मी कोण, कुणाची, हे सांगावं लागलं. मग सांगितलं. मधे दोनदा आवाज गेला, मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता.

म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवसापासून तुझा बाप माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. आम्ही लहानपणी एका पाटीवर शिकलो होतो, पोरी."

एवढंच. रागावले नाहीत, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. हात पुढे करून मुलाचं डोकं चाचपलं आणि विचारलं, "हा कितवीत आहे?"

"सहावीत," मुलगा म्हणाला. "आजोबा, तुमच्या घरी पाणी आहे का? आईला हवं आहे."