विमा एजंटची वेबसाइट: फोन नंबरच्या रकान्यापासून उलटं

विमा एजंटची साइट करायला घेतली की पहिली मागणी ठरलेली असते: वर मोठा फोटो, त्यात हसरं कुटुंब, डोक्यावर छत्री. मी मात्र काम सुरू करतो ते फॉर्ममधल्या फोन नंबरच्या रकान्यापासून. साइटवर येणाऱ्याने एजंटचं नाव बहुतेक वेळा आधीच कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, नाहीतर नकाशावर शोधताना पाहिलेलं असतं. पॉलिसी घ्यायची की नाही हे तो साइट बघून ठरवत नाही. याला नंबर दिला तर हा रोज फोन करून डोकं खाईल का, एवढंच तो चाचपत असतो. बाकीची सगळी साइट ही त्या शंकेची समजूत. म्हणून आधी फॉर्म, मग त्यामागची मेलची व्यवस्था, मग आतली पानं, त्यानंतर होमपेज आणि रंगरूप सगळ्यात शेवटी.

फॉर्ममध्ये चार रकाने पुरतात: विषय, नाव, फोन, फोन करायला सोयीची वेळ. ईमेल ऐच्छिक. विषयाचा प्रश्न पहिला ठेवायचा, कारण त्यात नुसतं बोट लावायचं असतं आणि एकदा सुरुवात झाली की माणूस पुढे जातो. त्या यादीत जीवन, आरोग्य, वाहन, घर यांच्याबरोबर ‘आधीच्या पॉलिसीचं काम’ हाही पर्याय हवाच, नाहीतर जुने ग्राहक नव्या चौकशांत मिसळतात आणि त्यांना विक्रीचे फोन जातात. एजंटचा आग्रह असतो की जन्मतारीख, उत्पन्न, तंबाखूची सवय, आजार हेही विचारून घ्यावं, म्हणजे पहिल्याच फोनवर आकडा सांगता येईल. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत कळतं. उलट लेखी विचारलं तर कोणाला कोणता आजार आहे याची माहिती एजंटच्या मेलबॉक्समध्ये उघडी पडून राहते आणि ती सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर येते.

सोयीच्या वेळेचा रकाना क्षुल्लक वाटतो, पण मला विचाराल तर नावापेक्षा तोच महत्त्वाचा. फोन कधी यावा हे आपण ठरवतोय, असं वाटलं की नंबर द्यायला हात आखडत नाही. बटणाच्या खाली एक ओळ लिहायची: फोन कोण करणार, कोणत्या नंबरवरून, किती वेळा. ‘मी स्वतः फोन करेन. उचलता आला नाही तर एक मेसेज ठेवेन, पुन्हा फोन करणार नाही.’ एजंट हे पाळणार नसेल तर ही ओळ न लिहिलेलीच बरी. बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘मला फोन करा’ लिहावं.

आता बारकावे. फोनच्या रकान्याचा प्रकार टेलिफोनचा ठेवला तर मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. साध्या मजकुराचा ठेवला तर अक्षरांचा उघडतो. ब्राउझरला नाव आणि नंबर आपोआप भरू द्यावेत. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर बोट लावताच पान मोठं होतं आणि बटण पडद्याबाहेर जातं. रकान्याचं नाव रकान्याच्या वर असावं. आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करायला लागलं की गायब होतं. नंबरात कुणी जागा सोडतं, कुणी आडवी रेघ घालतं, कुणी अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लिहितं. हे सगळं स्वीकारून सर्व्हरवर साफ करायचं, ‘अवैध क्रमांक’ म्हणून परतवायचं नाही. चूक दाखवायचीच असेल तर त्या रकान्याशेजारी, आणि बाकीचं भरलेलं तसंच ठेवून. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा. विमा घेणाऱ्यांत वयस्कर वाचक बरेच असतात, त्यामुळे पांढऱ्यावर फिकट करडं हा डिझायनरचा लाडका प्रकार इथे चालत नाही. बोट लावायच्या जागेसाठी सुलभतेच्या (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या) २०२३ च्या मानकात किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत. मी ४८ ठेवतो. संमतीचा चौकोन आधीच टिक केलेला नसावा. युरोपमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत अशा टिकला संमती मानतच नाहीत, पण नियम नसला तरी ती खूण वाचणाऱ्याला बरोबर खुपते.

सगळ्यात जास्त नुकसान यापुढे होतं, आणि ते दिसत नाही. पाहुणा फॉर्म भरतो, त्याला ‘धन्यवाद’ दिसतं, एजंटला मात्र काहीच मिळत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: फॉर्मने पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणारा म्हणून पाहुण्याचाच ईमेल पत्ता घातलेला असतो. त्या पत्त्याच्या डोमेनच्या (@ नंतरच्या नावाच्या) वतीने मेल पाठवायचा अधिकार आपल्या सर्व्हरला नसतो, पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत मेल नापास होतो आणि स्पॅममध्ये पडतो किंवा परस्पर नाकारला जातो. पाठवणारा म्हणून आपल्याच डोमेनवरचा पत्ता ठेवायचा आणि पाहुण्याचा पत्ता ‘उत्तर याला द्या’ या जागी. मेल लॉगिन असलेल्या एसएमटीपीमधून (मेल पाठवणाऱ्या सेवेतून) पाठवायचा. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत, एसपीएफ (कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (नापास मेलचं काय करायचं) या तिन्ही नोंदी करायच्या. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. नवी मेलसेवा घेतली की लोक शेजारी दुसरी नोंद टाकतात आणि दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच भर घालायला हवी. त्या एका नोंदीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांची मर्यादा १० आहे, ती ओलांडली तरीही तोच परिणाम.

एवढं करूनही मी मेलवर विसंबत नाही. प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्ये साठते आणि एजंटच्या मोबाइलवर वेगळा मेसेज जातो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून स्वतः एक फॉर्म भरून पाहायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि दुसरं कोणी करत नाही.

स्पॅम अडवायला चित्रं ओळखायला लावणं हा शेवटचा उपाय. आधी एक लपवलेला रकाना ठेवायचा: माणसाला तो दिसत नाही, यंत्र भरतं, भरला की चौकशी बाद. पण त्याला ‘कंपनी’ किंवा ‘फोन २’ असं ओळखीचं नाव दिलं तर ब्राउझरच तो आपोआप भरून टाकतो आणि खऱ्या माणसांच्या चौकशा गुपचूप केरात जातात. विचित्र नाव द्या, आपोआप भरणं त्या रकान्यापुरतं बंद करा आणि बाद झालेल्या नोंदी महिनाभर तरी जपून ठेवा.

‘धन्यवाद’चं पान वेगळ्या पत्त्यावर ठेवलं की मोजणी सोपी होते. फॉर्म पाठवायची पद्धत ‘पोस्ट’ असावी. ‘गेट’ ठेवली तर नाव आणि फोन पानाच्या पत्त्यातच चिकटतात आणि तिथून साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सकडे जातात. वैयक्तिक माहिती तिथे पाठवणं त्यांच्याच नियमांत बसत नाही.

आतली पानं बांधायला घेण्याआधी सगळा मजकूर एका साध्या दस्तऐवजात लिहून घ्यायचा. ज्या विमा कंपनीची उत्पादनं आणि चिन्ह साइटवर येणार, तिची जाहिरात म्हणून लेखी मंजुरी लागू शकते, आणि सगळ्या कामात हाच टप्पा लांबतो. ‘हमखास’, ‘सर्वोत्तम’, परताव्याचे मोघम आकडे ही कापाकापीची ठरलेली ठिकाणं. पानं बांधून झाल्यावर मंजुरीला पाठवली तर काम दोनदा करावं लागतं.

‘माझ्याबद्दल’ या पानावर एजंटचा स्वतःचा, सरळ समोर बघणारा फोटो, परवाना क्रमांक, नियामकाच्या नोंदवहीत तो तपासता येत असेल तर तिथला दुवा, आणि तो एका कंपनीचा एजंट आहे की अनेक कंपन्यांची पॉलिसी देऊ शकतो हे स्पष्ट. कमाई कमिशनवर होते की फीवर, हेही दोन ओळींत. या दोन ओळींना एजंट हमखास नाक मुरडतात. वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न असतोच. तो न विचारता सुटला तर नंबर देणं सोपं जातं. विकतच्या फोटोतली माणसं मात्र नकोत. तोच चेहरा दाताच्या डॉक्टरच्या साइटवर दिसला की सगळंच खोटं वाटू लागतं.

प्रत्येक प्रकारच्या विम्याला एक पान. त्यात मी सुरुवात ‘कशाचे पैसे मिळत नाहीत’ इथून करतो: आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, वाहन विम्यात रोजची झीज आणि यंत्रातला बिघाड, घराच्या विम्यात पाणी हळूहळू मुरून झालेलं नुकसान. दाव्याच्या वेळी भांडणं इथेच होतात. मग विमा कोणासाठी आहे, कागद कोणते, हप्ता कशावर ठरतो. पॉलिसीत अपवाद वेगळा असेल तर पॉलिसीचा मजकूरच अंतिम, असं त्याच परिच्छेदात लिहायचं, तळाशी बारीक अक्षरांत नाही. कंपनीच्या माहितीपत्रकातला मजकूर जसाच्या तसा चिकटवू नये. तोच मजकूर शेकडो एजंटांनी चिकटवलेला असतो, आणि सारख्या पानांतून गूगल सहसा एकच दाखवतं; ते आपलं असण्याची शक्यता नगण्य. पैसा आणि आरोग्य यांवरच्या पानांना गूगल जास्त कडक कसोटी लावतं. डिसेंबर २०२२ पासून त्या कसोट्यांत लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभवही धरला जातो. म्हणून प्रत्येक पानाखाली एजंटचं नाव आणि मजकूर शेवटचा तपासल्याची तारीख.

दाव्याचं पान ‘काही विकत नाही’ म्हणून बहुतेक साइटवर नसतं. मी त्याच्यावर सर्वात जास्त वेळ घालवतो. अपघात किंवा दवाखाना, पहिल्या तासात काय करायचं, फोटो कशाचे काढायचे, कोणते कागद टाकायचे नाहीत, कंपनीचा नंबर कोणता, एजंटचा कोणता. फोटो नाही, अ‍ॅनिमेशन नाही, जेमतेम नेटवर्कवर उघडेल इतकं हलकं, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याचा दुवा. जो अजून ग्राहक नाही तोही हे पान वाचतो, आणि अडचणीत हा माणूस फोन उचलेल का ते त्यावरूनच ताडतो.

हप्त्याचा कॅल्क्युलेटर मी टाळतो. वय, आजार, मुदत, जोड-लाभ यांवर हप्ता बदलतो, दरपत्रक बदलतं, आणि पडद्यावर दिसलेला आकडा लोक शब्द म्हणून धरून ठेवतात. त्याऐवजी गरजेचा हिशेब द्यावा. घरखर्च वर्षाला ६ लाख, १५ वर्षं म्हणजे ९० लाख. त्यात कर्ज २० लाख मिळवायचं, आधीची बचत आणि विमा मिळून ३० लाख वजा करायचे, उरले ८० लाख. महागाई आणि गुंतवणुकीवरचं व्याज दोन्ही यात धरलेलं नाही, हे उत्तराखालीच लिहायचं. आणि उत्तर लगेच दाखवायचं. ते नंबराच्या बदल्यात अडवून ठेवलं की लोक दहा वेळा ९ दाबून मोकळे होतात.

होमपेजला मग फार काही उरत नाही. कोण, कोणासाठी, काय करतो, हे एका वाक्यात, फोन, विषयांचे दुवे. सरकती चित्रं नकोत, दुसरं चित्र येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो. येताक्षणी पडदा झाकणारी खिडकीही नको; मोबाइलवरच्या अशा पानांना गूगल जानेवारी २०१७ पासून मागे ढकलू शकतं.

वेगाचे तीन आकडे बघायचे: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, आणि पान हलण्याचं माप ०.१ च्या आत राहावं, तेही चारपैकी तीन भेटींत. यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ मध्ये जुन्याच्या जागी आला. बिघाड करणारे ठरलेले: चॅटची खिडकी, जिवंत नकाशा, समाजमाध्यमांची पट्टी. नकाशाचं साधं चित्र लावून त्याला दुवा द्यावा. सगळ्या चित्रांना पडद्यावर यायची वेळ आली की मगच उतरण्याची सूचना देताना पहिल्या पडद्यावरचं मोठं चित्र वगळावं, नाहीतर नेमकं तेच रखडतं. चित्राची रुंदी-उंची लिहिली नाही तर ते उतरताना पान खाली सरकतं आणि बोट भलत्या बटणावर पडतं.

डोमेन एजंटच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर घ्यायचं, साइट करणाऱ्याच्या नाही, आणि त्यात विमा कंपनीचं नाव घालायचं नाही. उद्या कंपनी बदलली तर नाव सोडावं लागतं आणि इतर साइटवरून कमावलेले दुवे वाया जातात. साइट खुली करताना ‘सर्च इंजिनला दूर ठेवा’ ही बांधकामाच्या वेळची खूण काढली का ते पाहावं; महिनोन्‌महिने ती तशीच राहिलेल्या साइट कमी नाहीत. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये (नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीत) नाव पाटीवर आहे तेच, त्याला ‘स्वस्त विमा’ वगैरे शेपूट जोडू नये. एजंट घरून काम करत असेल आणि ग्राहक तिथे येत नसतील तर पत्ता लपवून फक्त सेवेचं क्षेत्र दाखवावं. ग्राहकांचे अभिप्राय त्यांच्या लेखी संमतीने, दाव्याची रक्कम न छापता. स्वतःच्याच साइटवर छापलेल्या अभिप्रायांच्या चांदण्या शोधनिकालात दिसाव्यात म्हणून धडपडू नये, स्थानिक व्यवसायांसाठी २०१९ पासून गूगल त्या दाखवत नाही.

त्यानंतर दर महिन्याला चार आकडे वहीत: फोनच्या दुव्यावरचे स्पर्श, मेसेज, फॉर्म, आणि त्यांपैकी किती जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं. पहिले तीन चांगले आणि चौथा पडलेला असेल तर साइटला हात लावायचा नाही. सोयीची म्हणून दिलेली वेळ आणि एजंटने फोन केल्याची वेळ शेजारी शेजारी लिहून बघायची.