दाइजोबु

धुळवड, रात्री साडेदहा

पहाटेच दोघी गेल्या. रस्त्यावर रंग सुरू व्हायच्या आत टॅक्सी निघावी म्हणून आम्ही सगळे साडेचारला उठलो होतो. आता घर भलतंच मोठं वाटतंय.

ओकायामाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली. चिरंजीवांच्या जपानी वर्गाच्या ओळखीतून चार दिवस आमच्याकडे राहिल्या. नावं इथे लिहीत नाही. एक चष्मेवाली, एक उंच, एवढं मला पुरे. येताना त्यांच्या गावची प्रसिद्ध ‘किबिदांगो’ आणली होती, तांदळाच्या पिठाची लुसलुशीत गोड गोळी. आजींनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) आधी देवापुढे ठेवली, मग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “मोदकाची पारी आहे ही, सारण विसरल्यात.”

आता कालचं लिहायलाच हवं, कारण चूक माझी आहे.

होळी म्हणून पुरणपोळी केली. मला वाटलं होतं, गोड डाळ बघून नाकं मुरडतील. पण त्यांच्याकडे लाल चवळीसारखं कडधान्य शिजवून, साखर घालून ‘आन्को’ करतात आणि मिठाईत भरतात. म्हणजे पुरणच की! चष्मेवालीने पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. मग काय, मला चेव चढला. ताट रिकामं दिसलं की मी वाढणार. “अजून एक?” विचारलं की ती हलकेच हात हलवून म्हणे, “दाइजोबु.” चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दाइजोबु म्हणजे ‘ठीक आहे’. ठीक आहे तर ठीक आहे, घाल पोळी, वर तुपाची धार. अशा चार झाल्या.

संध्याकाळी खाली होळी पेटली तेव्हा ही बया पांघरूण घेऊन आडवी. आजींनी ओवा चावायला दिला, गरम पाणी पाजलं. तेव्हा कुठे चिरंजीव सांगतात, “अगं, दाइजोबु म्हणजे ‘नको, पुरे’ असंही होतं. हात हलवला ना तिने!” आणि त्यांच्याकडे ताटात अन्न टाकून उठणं वाईट दिसतं, म्हणून ती प्रत्येक वेळी संपवत होती. आपल्याकडे रिकामं ताट म्हणजे वाढायचं आमंत्रण. ती शिष्टाचार पाळत होती, मी आग्रह करत होते, आणि मधल्या मध्ये त्या पोटाचे हाल. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आमच्या ह्यांचे हेच हाल झाले होते. तेव्हा मात्र सगळ्यांना मराठी येत होतं.

परवा पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं होतं, सिंहगड रस्त्यावर. पुणे-ओकायामा मैत्रीची ही बाग तिथल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे, आणि कोराकुएन सन 1700 मध्ये पुरी झालेली. उंच मुलगी तिथे शाळेच्या सहलीला जायची म्हणे. पुलाजवळ बराच वेळ काही न बोलता उभी राहिली. मी घाबरून विचारलं, आवडलं नाही का? तर म्हणाली, “आईला फोन करू?” केला, आणि कॅमेरा फिरवून सगळं तळं दाखवलं.

पण खरी गंमत परवा रात्रीची. आजी सहज गुणगुणत होत्या, “क का कि की...” आणि चष्मेवालीने पुढचं उचललं, “का कि कु के को!” आजी हरखल्या. अ, इ, उ, ए, ओ सुद्धा त्याच क्रमाने! चिरंजीव म्हणाले, संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिकडे रुजला, म्हणून त्यांची वर्णमाला का, सा, ता, ना अशी आपल्यासारखीच पुढे सरकते. आजींना ते ऐकायचं नव्हतं, त्यांना बाराखडी पुढे न्यायची होती. त्या म्हणाल्या, “त, ती, तू, ते, तो.” ती म्हणाली, “ता, चि, त्सु, ते, तो.”

“थांब, थांब. ‘ती’ कुठे गेली गं? आणि ‘तू’?”

चिरंजीवांनी भाषांतर करून दिल्यावर दोघी जमिनीवर लोळून हसल्या. आजी मात्र गंभीर. “ती नाही, तू नाही, उरले ते आणि तो. पुरुषांचंच राज्य दिसतंय.”

निघताना दोघींनी त्यांना वाकून नमस्कार केला, आपल्यासारखा पायांना हात लावून. ‘आज्जी-सान’ म्हणायच्या त्यांना. आजींनी डोक्यावर हात ठेवला नि चष्मेवालीला बजावलं, “पोट दुखलं तर नको म्हणायचं. मोठ्यांदा.” मग स्वतःच शिकवलं: “न-को.” ती म्हणाली, “ना-को.” उच्चार फार मऊ आहे अजून.

दुपारी आजी माझी जुनी वही घेऊन बसल्या होत्या. चिरंजीवांकडून ‘त्सु’ गिरवून घेतला, पानभर. चष्मा पुसत म्हणाल्या, “हा सोपा आहे. आता तो ‘चि’ दाखव.”