ज्याच्याशी लढायला कोणी आले नाही

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. गेली २२ वर्षे मी मुलांना मुष्टियुद्ध शिकवतो आहे आणि या काळात हा एकच प्रश्न मला विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी, बरोबरीच्या प्रशिक्षकांनी आणि माझ्या स्वतःच्या मुलानेही विचारला आहे: तुम्ही सारखे माइक मॅकॅलमचे नाव घेता. पण लेनर्ड, हर्न्स, हॅगलर आणि दुरान या चौघांपैकी एकाशीही तो कधी लढला नाही, मग तो मोठा कसा? हे चौघे त्या काळचे सर्वांत गाजलेले मुष्टियोद्धे; विचारणाऱ्यांना ते ठाऊक असतातच. १९८० ते १९८९ या दहा वर्षांत ते आपसांत ९ वेळा लढले. त्याच दशकात, त्यांच्याच आसपासच्या वजनांत जमैकाचा हा माणूस जगज्जेता होता आणि त्या ९ लढतींपैकी एकीतही त्याला जागा मिळाली नाही.

माझे उत्तर ठरलेले असे: ते त्याला घाबरले. हे उत्तर मी इतकी वर्षे, इतक्या आवेशाने दिले आहे की आज ते जसेच्या तसे देता येत नाही हे कबूल करणे मला जड जाते. ते पूर्णपणे चूक आहे असेही मी मानत नाही.

आधी जे घडले ते सांगतो. मॅकॅलम किंग्स्टनचा. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये तो जमैकाकडून उतरला, १९७८ मध्ये एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर अपेंडिक्सच्या दुखण्याने त्याची संधी हुकली. १९८१ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि डेट्रॉइटच्या क्रॉंक तालमीत इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्या हाताखाली आला. टॉमी हर्न्सही त्याच तालमीतला, त्याच गुरूचा. १९८३ च्या जूनमध्ये दुरानने डेव्ही मूरला हरवून डब्ल्यूबीए या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे १५४ पौंड वजनगटाचे विजेतेपद घेतले आणि पुढे नियमाप्रमाणे मॅकॅलमशी लढणे त्याला भाग होते. ती लढत झाली नाही. दुरानने हर्न्सची लढत स्वीकारली, त्यापायी विजेतेपद हातचे जाऊ दिले, आणि १५ जून १९८४ रोजी हर्न्सने त्याला दुसऱ्याच फेरीत आडवे केले. मॅकॅलमच्या हक्काची लढत त्याच्याच तालमीतला माणूस घेऊन गेला होता. तो क्रॉंकमधून बाहेर पडला.

रिकामे पडलेले ते विजेतेपद त्याने १९ ऑक्टोबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयरिश शॉन मॅनियनला १५ फेऱ्यांत हरवून मिळवले. जमैकाचा तो पहिला जगज्जेता. त्या रात्रीची मुख्य लढत मात्र हॅगलरची होती. त्याच रिंगमध्ये, त्याच गर्दीसमोर हॅगलरने मुस्तफा हम्शोला तिसऱ्या फेरीत संपवले. एका देशाच्या इतिहासातले पहिले विजेतेपद दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यक्रमातला भाग म्हणून लढले गेले, हे मला आजही सलते.

मी त्याला पहिल्यांदा पाहिले ते १९९१ मध्ये, १५ वर्षांचा असताना. माझे मामा बोटीवर नोकरीला होते आणि येताना व्हिडिओ कॅसेट आणत. त्यांतल्या एका कॅसेटवर १८ जुलै १९८७ ची लास व्हेगासची लढत होती, मॅकॅलम आणि डॉनल्ड करी. करी म्हणजे वेल्टरवेटचा (१४७ पौंड) निर्विवाद राजा, ज्याला वर्षभरापूर्वी लॉइड हनीगनने धक्का दिला होता. हा हनीगनही जमैकातच जन्मलेला, पण ब्रिटनकडून लढणारा. पहिल्या चार फेऱ्या करी हाताने वेगवान होता आणि माझ्या डोळ्यांना तोच जिंकताना दिसत होता. मॅकॅलम मात्र डोके खाली घेऊन, एक पाऊल पुढे टाकून, त्याच्या बरगड्यांखाली ठोसे ठेवत होता. ‘ठेवत होता’ हाच शब्द योग्य आहे, कारण त्यात झटका नव्हता, घाई नव्हती. पाचव्या फेरीत करीचे लक्ष पोटाकडे असताना तोच डावा हात वर आला आणि हूक, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा, जबड्यावर बसला. करी पाठीवर पडला आणि दहा मोजेपर्यंत उठू शकला नाही. तेवढा भाग मी मागे नेऊन इतक्या वेळा पाहिला की त्या ठिकाणी फीत खराब झाली आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा येऊ लागल्या. पुढे तर करी पडतो तो क्षण रेघांमागे दिसेनासाच झाला.

मॅकॅलमला ‘बॉडीस्नॅचर’, म्हणजे देह पळवणारा, म्हणत. यकृतावर बसलेला ठोसा ज्याने खाल्ला आहे त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. उजव्या बरगडीखाली डावा हूक नीट बसला की आधी काहीच होत नाही. क्षणभर आपण सावरलो असे वाटते आणि मग श्वास अडकतो, गुडघे आपोआप वाकतात. डोके पूर्ण शुद्धीवर असते. पंच मोजत असलेला आकडा ऐकू येतो आणि तरीही उठता येत नाही. ही विद्या मला हवी होती आणि पुढची सहा वर्षे मी तीच घोटली.

आता ज्या लढतीविषयी मी विद्यार्थ्यांशी सहसा बोलत नाही ती सांगतो. १९९७ मध्ये मी २१ वर्षांचा होतो आणि राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. त्या काळी हौशी मुष्टियुद्धात यंत्रावर गुण मोजत. रिंगभोवती पाच पंच बसत आणि त्यांतल्या किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच कळ दाबली तर गुण मिळे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स अंतिम लढतीत स्पष्ट वरचढ असूनही पंचांनी त्याला हरवले. त्याच्यावर जो अन्याय झाला, त्यानंतर पंचांच्या लहरीला आळा घालण्यासाठी ही पद्धत आणली गेली. तिचा परिणाम असा झाला की चेहऱ्यावर बसलेला, डोके मागे झटकणारा ठोसा तिघांना एकाच वेळी दिसे. दोन शरीरांच्या मध्ये, हातांच्या आड पोटात बसलेला ठोसा एखाद्यालाच दिसे. माझ्या प्रशिक्षकांनी मला आदल्या दिवशी बजावले होते की बॉडी मोजत नाहीत, वर मार. मी ऐकले नाही.

समोरचा मुलगा माझ्यापेक्षा उंच होता, हात लांब होते. पहिल्या फेरीपासून मी त्याच्या आत शिरलो आणि बरगड्यांवर काम सुरू केले. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या फेरीत एका ठोशानंतर त्याच्या तोंडून आवाज निघाला, कण्हल्यासारखा, आणि तो मला मिठी मारून उभा राहिला. त्याच्या घामाचा आणि ग्लोव्हच्या जुन्या चामड्याचा वास अजून आठवतो. शेवटच्या फेरीत त्याचे पाय जड झाले होते आणि तो दोरांना टेकून उभा होता. घंटा झाली तेव्हा मी जिंकलो आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. मी हात वर केलेलाही होता. मग पंचांनी आम्हा दोघांची मनगटे धरून मध्ये उभे केले, निकाल वाचला गेला, ९ विरुद्ध ३, आणि माझे मनगट खाली राहिले. तो मुलगा नंतर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर वाकून बसला होता, एक हात बरगडीवर धरून. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, “भाऊ, तू लय मारलंस रे.” त्याने ते मनापासून म्हटले होते. मला ते सहन झाले नाही. मी उत्तर दिले नाही, पाणी प्यायलो नाही, कोणाला न सांगता बॅग उचलून स्थानकावर गेलो आणि त्यानंतर स्पर्धेत उतरलो नाही.

त्या दिवसापासून मॅकॅलम माझा वकील झाला. त्याला जग टाळते आणि मला यंत्र मोजत नाही, हे एकच प्रकरण आहे असे मी धरून चाललो. तुम्ही त्याच्याविषयी प्रश्न विचारायचात आणि मी उत्तर देताना स्वतःची बाजू मांडायचो. आवाज चढायचा तो त्यामुळे.

२०१४ मध्ये वडिलांच्या एका स्नेह्यांकडे त्या चाचणीचे चित्रण सापडले आणि त्यांनी ते सीडीवर उतरवून मोठ्या प्रेमाने मला दिले. तीन महिने मी ती लावली नाही. लावली तेव्हा प्रशिक्षक म्हणून पाहिली, आणि जे दिसले ते असे: माझे निम्म्याहून अधिक ठोसे त्याच्या कोपरांवर पडत होते, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक वेळी मी त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, चेहऱ्यावर घेत होतो, सरळ, स्वच्छ, कोणत्याही पद्धतीत गुण देण्याजोगा. त्याच्या बरगडीत ठोसे बसलेही होते, तो कण्हलाही होता, हे खोटे नाही. पण मी मॅकॅलमचा अर्धाच धडा घेतला होता. तो पोटावर जाण्यासाठी स्वतःच्या जॅबमागून जात असे. तो जॅब त्या कॅसेटवर पहिल्या फेरीपासून होता आणि मी तो सहा वर्षांत पाहिलाच नव्हता, कारण मी फीत नेहमी पाचव्या फेरीपर्यंत पुढे नेत असे.

हे कळल्यावर मॅकॅलमकडेही नव्याने पाहणे भाग पडले. ५ मार्च १९८८ रोजी इटलीत पेसारोला सुंबू कलांबे या झैरेत जन्मलेल्या इटालियन योद्ध्याने त्याला पहिला पराभव दाखवला, आणि मी पूर्वी त्याला कलांबेच्या घरच्या मैदानाचे फळ म्हणत असे. तसे ते नव्हते. कलांबेने त्याला जॅबने हरवले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हेरॉल ग्रॅहमविरुद्ध मिडलवेटचे (१६० पौंड) विजेतेपद त्याला मिळाले ते तीन पंचांत दोन विरुद्ध एक अशा विभागलेल्या निकालावर, आणि ती लढत ग्रॅहमची होती असे म्हणणाऱ्यांशी मी भांडलो आहे. आज भांडणार नाही. १९९१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स टोनीशी बरोबरी झाली त्या लढतीत बाराव्या फेरीअखेर मॅकॅलम जेमतेम पायांवर होता.

आणि भीतीचे म्हणाल, तर दुरानसमोर १९८४ मध्ये एका बाजूला फारसे नाव नसलेला, पैसा न आणणारा, धोकादायक माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला हर्न्स होता. हर्न्स काही सोपा पर्याय नव्हता. जो हर्न्ससमोर उभा राहतो त्याला भित्रा म्हणणे मला आता जमत नाही. तो पैशाचा हिशेब होता. लेनर्ड त्या वर्षांत बहुतांश निवृत्त होता, हॅगलर १९८७ मध्ये थांबला. मॅकॅलम मितभाषी होता, लहानशा बेटावरून आला होता, आणि त्याच्यामागे तिकिटे घेणारी गर्दी नव्हती.

हे सगळे मान्य करूनही मी त्याचे नाव घेणे थांबवणार नाही, आणि याचे कारण त्या चौघांमध्ये शोधू नका. जे त्याच्यासमोर आले त्यांच्याकडे पाहा. ज्युलियन जॅक्सन, तोवर अपराजित, पुढे ज्याच्या एका ठोशाची धास्ती सारे जग घेत असे, त्याने १९८६ मध्ये मायामी बीचला पहिल्याच फेरीत मॅकॅलमला हादरवले. दुसऱ्या फेरीत मॅकॅलमने ती लढत थांबवून दाखवली. मिल्टन मॅक्रॉरी, क्रॉंकचाच, दहाव्या फेरीत. १५४ पौंडांच्या विजेतेपदाचे त्याने ६ वेळा रक्षण केले आणि सहाही वेळा निकाल पंचांच्या कागदावर जाऊ दिला नाही. मिडलवेटमध्ये स्टीव्ह कॉलिन्स आणि मायकेल वॉटसन यांनाही त्याने हरवले. पुढे १९९१ मध्ये मोनॅकोला कलांबेची परतफेड. १९९४ मध्ये ३७ व्या वर्षी जेफ हार्डिंगला हरवून १७५ पौंडांचे, तिसऱ्या वजनातले विजेतेपद. एकूण ५५ लढती, ४९ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. त्या पाचही पराभवांत तो अखेरच्या घंटेपर्यंत उभा होता. चाळिशीला दोन आठवडे उरले असताना रॉय जोन्ससमोर, ज्याच्यावरच्या अन्यायातून माझे ते यंत्र जन्मले त्याच जोन्ससमोर, सगळ्या फेऱ्या हरत असताना आणि दहाव्या फेरीत खाली पडूनही, तो उठला आणि बारावी फेरी पूर्ण केली.

३१ मे २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये तो गेला, वय ६८. बातमी मला एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवली, आणि त्या संध्याकाळी मुलाने पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला: “बाबा, खरं सांगा, १९८४ मध्ये हर्न्सशी झाली असती तर कोण जिंकलं असतं?” मी हर्न्स म्हणालो. जॅक्सनने पहिल्या फेरीत जो ठोसा बसवला तसा हर्न्सच्या उजव्या हाताने बसवला असता तर दुसरी फेरी आलीच नसती, असे मला वाटले. रात्री झोप लागली नाही. १९८८ मध्ये आयरन बार्कलीच्या उजव्या हाताने तिसऱ्या फेरीत हर्न्स कसा कोसळला ते आठवत राहिलो, आणि सहाव्या फेरीनंतर त्या लांब, सडपातळ बरगड्यांखाली मॅकॅलमने काय केले असते याचा विचार करत राहिलो. सकाळी मी मुलाला सांगितले की कालचे उत्तर अजून नक्की धरू नकोस.