आमची वाटचाल : घराला धक्का न लावता जुने काँक्रीट काढताना

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवर, हर्णै, मुरुड, आंजर्ले आणि केळशीच्या परिसरात, राहत्या घरांचे व अंगणांचे जुने काँक्रीट काढण्याचे काम आमची नऊ जणांची छोटी फर्म करते. माझे वडील गवंडी होते आणि त्यांनी घातलेले काही कोबे, म्हणजे काँक्रीटच्या फरसबंद्या, पुढे मी स्वतः फोडले. त्यांनी चूक केली असे मला कधीही वाटले नाही. चाकरमान्यांनी मुंबईहून पाठवलेल्या पैशांतून दारात काँक्रीट पडले, की पावसाळ्यातला चिखल, आठवड्याचे सारवण आणि दरवर्षी अंगण चोपण्याचे कष्ट यांतून घरातल्या बाईची सुटका होत असे. त्यामुळे त्या काळी कोबा ही घराची खरी गरज होती. तीस-पस्तीस वर्षांनी तो तडकला, खचला आणि त्यावरचे पाणी जोत्याकडे वळू लागले, तेव्हा तो काढण्याची वेळ आमच्या पिढीवर आली.

एक घण, दोन पहारी, छिन्न्या आणि भाड्याने आणलेला ब्रेकर (काँक्रीट फोडणारे यंत्र) एवढ्या साहित्यावर आम्ही सुरुवात केली, आणि पहिल्याच हंगामात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ते घर जांभ्या चिऱ्याचे होते, चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) मातीने भरलेल्या होत्या, आणि कोबा थेट जोत्याला भिडवलेला होता. काम लवकर उरकावे म्हणून आम्ही ब्रेकर जोत्याच्या कडेपर्यंत नेला. ओटीवर बसलेल्या आजी दोनदा म्हणाल्या, ‘‘बाबा रे, फडताळातली भांडी वाजतायत.’’ मी त्याकडे लक्ष दिले नाही. संध्याकाळी पाहिले तर कोपऱ्यातले दोन चिरे बोटभर पुढे सरकले होते आणि दर्जेतली माती भुग्यासारखी खाली सांडली होती. तो कोपरा आम्ही आमच्या खर्चाने उतरवून पुन्हा बांधून दिला. तेव्हापासून जोत्यापासून दीड फुटावर, पाण्याची धार सोडत, कटरने पूर्ण जाडीचा चर पाडल्याशिवाय आम्ही ब्रेकर सुरू करत नाही. जोत्यालगतची पट्टी मागाहून छिन्नी-हातोडीनेच निघते. त्यासाठी दिवस-दोन दिवस जास्त लागतात आणि ते आम्ही दरात आधीच धरतो.

स्लॅबचे काम याहून जोखमीचे असते. आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या स्लॅबना खाडीची किंवा किनाऱ्याची रेती न धुता वापरलेली आहे, आणि वरून बारा महिने खारा वारा लागतोच. मिठातील क्लोराइड सळईवरचा संरक्षक थर मोडते, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. त्या दाबाने खालचे काँक्रीट पोपड्यांसारखे सुटते. किनारी हवेत सळईवर काँक्रीटचे 45 मिलिमीटर आवरण असावे असे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक 456 सांगते, परंतु आम्ही फोडलेल्या कित्येक जुन्या स्लॅबांत ते बोटाच्या पेराएवढेही नव्हते. असा स्लॅब आम्ही आधी खालून टेकू देऊन तोलून धरतो आणि मगच लहान तुकडे कापून उतरवतो. छज्जा किंवा गॅलरी असेल तर मुख्य सळई वरच्या बाजूला असते, म्हणून फोडण्याची सुरुवात नेहमी बाहेरच्या टोकाकडून करायची आणि भिंतीकडे यायचे. भिंतीजवळ आधी घाव घातला तर अख्खा छज्जा एकदम खाली येतो. नव्या माणसाला हे शिकवल्याशिवाय मी त्याच्या हातात घण देत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा बाणकोट खाडीच्या अलीकडे आमच्या दापोली-मंडणगडातही छपरे उडाली आणि माड, पोफळी, कलमे आडवी झाली. पडलेल्या झाडांखाली चेपलेल्या पडव्या आणि संडासांचे स्लॅब काढण्यात आमचे पुढचे कित्येक महिने गेले. पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) वर चढून जायच्या घरांपर्यंत यंत्र पोहोचत नव्हते, म्हणून सारा राबीट (फोडलेला माल) घमेल्यांनी खाली आणावा लागला. त्या कामांत आम्हाला पैसा फारसा मिळाला नाही, परंतु पंचक्रोशीत ओळख झाली.

अलीकडे बोलावणी येतात ती मुख्यतः अंगणांसाठी. चहूबाजूंनी कोबा केलेल्या आवारात पडलेला पाऊस जमिनीत न मुरता गटाराने खाडीला मिळतो, हे आता लोकांच्या लक्षात येऊ लागले आहे. एका घरी हापूसच्या जुन्या कलमाच्या बुंध्याला भिडवलेले काँक्रीट काढताना आम्हाला खाली मुळे चटईसारखी पसरलेली दिसली. ती काँक्रीटच्या तळाला इतकी चिकटली होती की खडबडीत तळाचा ठसा मुळांवर उमटला होता. तिथे पहारही न वापरता आम्ही हाताने एकेक तुकडा सोडवला आणि उघडी पडलेली मुळे त्याच दिवशी माती व पालापाचोळ्याने झाकली. काँक्रीट निघाले म्हणजे काम संपले असे आम्ही मानत नाही. खालची दडपलेली माती टिकावाने सैल करणे आणि तिला जोत्यापासून बाहेर उतार देणे हेही आमच्याच कामात येते. हे केले नाही, तर पहिल्याच पावसात पाणी घराच्या पायात शिरते.

निघालेल्या मालाचा हिशेब मी गिऱ्हाइकाला आधीच मांडून दाखवतो. हजार चौरस फूट अंगण, चार इंच जाडी, म्हणजे सव्वातीन ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडे अधिक काँक्रीट आणि वजन सुमारे 22 टन. फोडल्यावर तुकड्यांत पोकळी राहते आणि तोच माल पाच ब्रासच्या आसपास जागा व्यापतो. हा माल रात्रीत खाडीकडेला ओतून टाका, असे सुचवणारे लोक आजही भेटतात. पण खाडीकडेची तिवरांची झाडे, म्हणजे कांदळवन, ही पडीक जागा नव्हे. कांदळवनात राडारोडा टाकण्यास 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर मनाई केली आहे, आणि न्यायालयाने काही म्हटले नसते तरी ज्या खाडीत आमची मुले कालवे काढतात तिथे मी हा माल टाकला नसता. मोठे तुकडे आम्ही नव्या जोत्यांच्या भरावाला आणि वाडीतल्या रस्त्यांच्या सोलिंगला (खालच्या दगडी थराला) देतो. सळई वेगळी करून भंगारात जाते आणि तिची रक्कम बिलातून वजा होते.

काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठून राहते. माझे वडील अखेरची वर्षे खोकत होते. त्यामुळे पाणी मारल्याशिवाय कटर चालवायचा नाही आणि मुखपट्टीशिवाय कोणी उभे राहायचे नाही, याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही. विहिरीला पाणी कमी असेल तर आम्ही टाकी भरून सोबत आणतो.

आता आमच्याकडे स्वतःचे दोन ब्रेकर, एक कटर आणि लोखंडी टेकूंचा पुरेसा संच आहे. काम दसऱ्यानंतर सुरू होते आणि मृगाच्या आधी थांबते, कारण उघडी जमीन पहिल्या सरीपूर्वी बसवून द्यावी लागते. गणपतीला घर नीट हवे असेल, तर जागा शिमग्याच्या सुट्टीतच दाखवावी, अशी विनंती आम्ही मुंबईकर मंडळींना करतो.